ग्रहण सूर्यास, शिक्षा पोरांस!

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढी अमावास्या. त्या दिवशी घरोघर दिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातील, आणि त्याच दिवशी दुपार कलल्यावर सूर्यास ग्रहण लागेल. इजिप्त देशात लक्झर गावाजवळ ते सहा मिनिटांहून अधिक वेळ खग्रास दिसावयाचे आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सूर्याचा काही भाग तेवढा झाकला जाईल. वेळ म्हणाल तर शाळा सुटण्याची आणि हुतुतू, खो-खो खेळणाऱ्या पोरांचा मैदानावर सराव सुरू होण्याची. पाऊसकाळ आहे, ढग असले तर काहीच दिसावयाचे नाही. मग एवढ्याशा गोष्टीसाठी अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ग्रहण दिसो वा न दिसो, त्याचे वेध आमच्या घरांत हटकून लागतात. त्या वेधांत सूर्याचे काही जात नाही. जाते ते आमच्या पोरांचे : एक दिवसाची शाळा, एक वेळचे जेवण आणि एका संध्याकाळचा खेळ. ग्रहण लागावे सूर्यास आणि शिक्षा व्हावी पोरांस, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार कोठवर चालू द्यावयाचा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मागची आठवण पुष्कळांस असेल. २६ डिसेंबर २०१९, गुरुवार. त्या दिवशी सकाळी आठ वाजून गेल्यावर ग्रहण लागले आणि अकराच्या आत सुटले. केरळात व तामिळनाडूत ते कंकणाकृती दिसले. आमच्याकडे सूर्याचा मोठा भाग झाकला जाऊन कोर उरली. वार शाळेचा आणि वेळही शाळेची. आमच्या माहितीच्या एका वाडीतील शाळेत घंटा नेहमीप्रमाणे झाली. पण वर्गांत निम्मी पोरे नव्हती. जी आली त्यांतली बरीच उपाशी आली होती. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात असा शास्त्रार्थ सांगतात. चार प्रहर म्हणजे बारा तास. तेव्हा आदल्या रात्री आठापासून वेध लागले. ज्या घरात आई-बाप दिवसभर राबून अंधार पडल्यावर परततात, त्या घरात आठाच्या आत चूल पेटून जेवणे कशी उरकावीत? पोरे रात्री अर्धपोटी निजली आणि सकाळी घोटभर चहादेखील न घेता बाहेर पडली. गुरुजींनी दारे-खिडक्या लावून घेतल्या, पोरांस खाली बसविले, आणि अकरा वाजेपर्यंत कोणी बाहेर डोकवावयाचे नाही असा दम भरला. ज्या गोष्टीविषयी पुस्तकात धडा आहे, ती गोष्ट दारात उभी राहिली असता शाळेने दार लावून घेतले! आम्ही त्या गुरुजींस दोष देत नाही. एखाद्या पोराच्या डोळ्यास अपाय झाला असता तर गावाने त्यांनाच धरले असते. परंतु त्या दिवशी पोरे काय शिकली, याचा विचार व्हावयास पाहिजे. ती एवढेच शिकली की, पुस्तकातले सत्य परीक्षेपुरते असते आणि घरातली भीती जन्माची असते.

त्यानंतर २१ जून २०२० रोजी ग्रहण झाले. पण तो रविवार होता आणि करोनाच्या साथीमुळे शाळा बंदच होत्या. २५ ऑक्टोबर २०२२ चे ग्रहण ऐन दिवाळीत, सुटीच्या दिवसांत आले. म्हणजे चालू शाळेत येऊन आमची परीक्षा पाहणारे यापुढचे ग्रहण हे २०२७ चे. त्याची तयारी आदल्या दिवशी करू म्हटले तर ती होत नाही. आदल्या दिवशी सासूबाई जे सांगतील, शेजारी जे करतील आणि मोबाइलवर जो निरोप फिरत येईल, तेच घडते. म्हणून आम्ही आधीच बोलतो.

प्रथम जेवणाचे पाहू. ते दुपारनंतरचे ग्रहण. म्हणजे बारा तासांचे वेध धरले तर पहाटेपासून चूल बंद. पोर न्याहारीवाचून शाळेत जाणार, आणि दुपारी शाळेत शिजलेला भात कोणी खावयाचा नाही. हा भात म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, असे त्याचे माप ठरलेले आहे, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतील जेवण हा मुलांचा हक्क ठरविला आहे. ज्याच्या घरी दुपारी बिस्किटे व फळे हाताशी असतात त्याच्या पोरास एक जेवण चुकले तर ते वजनात दिसत नाही. मोलमजुरी करणाऱ्या घरच्या पोरास ते दिसते. आणि गंमत अशी की, ज्या पंचांगाच्या आधारावर हे उपास घडतात ते पंचांगच सांगते की, बालके, वृद्ध, आजारी व गर्भवती यांनी सगळे वेध पाळू नयेत. त्यांस सवलत आहे. ही सवलत आमच्या दारापर्यंत का पोहोचत नाही? नियम सांगणाऱ्यास नियम सांगण्याची घाई असते. सूट सांगण्याची त्यास आठवण राहात नाही. ज्यांना पंचांग मानावयाचे असेल त्यांनी निदान ते पुरते वाचून तरी मानावे!

आता ग्रहण म्हणजे काय ते आमच्या मायबहिणींसाठी दोन शब्दांत सांगतो. बंदा रुपया डोळ्यापुढे धरला तर समोरचा डोंगर झाकतो. रुपया काही डोंगराएवढा नसतो. तो जवळ असतो इतकेच. चंद्र सूर्याहून सुमारे चारशे पटीने लहान, पण सूर्याहून सुमारे चारशे पटीनेच आपल्याला जवळ. म्हणून तो बरोबर मध्ये आला की सूर्य झाकतो, आणि त्याची सावली पृथ्वीवर धावत जाते. या सावलीलाच आपण ग्रहण म्हणतो. हे ज्ञान विलायतेतून आलेले नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये हेच सांगितले होते. आमच्याच जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातल्या मुरुड गावी १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शाळामास्तर. त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ १८९६ साली मराठीत छापून या गणिताचा सारा इतिहास लोकांपुढे ठेवला. पंचांगात ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष मिनिटासकट छापलेला असतो, तो याच गणिताने. राहू नावाचा राक्षस सूर्यास गिळत असता तर तो पंचांगात वेळ पाहून, मिनिटावर येऊन, मिनिटावर निघून गेला असता काय? ज्याने वेळ मांडली त्यास सावलीचे गणित पक्के ठाऊक असते. राक्षस फक्त शेतकऱ्याच्या ओसरीवर सांगण्यापुरता असतो.

त्या राक्षसाचे भाडेही आपणच भरीत आलो आहो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याच्या पहिल्याच प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंत कोणकोणत्या निमित्ताने शेतकऱ्याच्या घरातील दाणा व पैसा धर्माच्या नावाने बाहेर जातो, याचा हिशेब मांडला आहे. ग्रहण हे अशाच निमित्तांपैकी एक. नदीवर स्नान, मग दान, मग दक्षिणा. आणि गावकुसाबाहेर ज्यांस ठेवले त्या मांग-महार बांधवांच्या तोंडी 'दे दान, सुटे गिराण' ही आरोळी घातली. त्यांच्या पदरात जुनेर आणि पसाभर धान्य टाकावयाचे, आणि त्याबरोबर आपल्या घरचे अरिष्टही त्यांच्याच पदरात टाकले असे समाधान मानावयाचे, असा हा दानधर्म! बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने स्वाभिमान जागा केला, तेव्हा त्या बांधवांनी असल्या मागण्या टाकून दिल्या. ज्यांच्या पोटास त्या दाण्याची खरी गरज होती त्यांनी ते सोडले. ज्यांच्या पोटास गरज नव्हती त्यांची दक्षिणा मात्र चालू राहिली. यावरून कोणास काय समजावयाचे ते समजावे.

असो. इतके वाचून एखादा तरणाबांड पोरगा म्हणेल, “मग भीती कसली? आम्ही मैदानात उभे राहून उघड्या डोळ्यांनी ग्रहण पाहू!” थांब बाबा. ही दुसरी चूक पहिलीहून वाईट आहे. भिंगातून ऊन धरले की कागद पेटतो, हे तुम्ही शाळेत करून पाहिले आहे. आपल्या डोळ्यात तसेच भिंग आहे, आणि त्याच्या मागे जो नाजूक पडदा आहे त्यावर ते ऊन एकवटते. एरवी सूर्याकडे पाहवत नाही म्हणून आपण मान वळवितो आणि वाचतो. ग्रहणात तेज कमी झालेले वाटते, मान वळत नाही, आणि पडदा भाजत राहतो. त्या पडद्यास दुखणे कळत नाही. हात पोळला तर आपण ओरडतो. डोळ्याचा पडदा पोळला तर काही कळत नाही, आणि काही तासांनी जिकडे पाहावे तिकडे मधोमध डाग दिसू लागतो. काहींची नजर सुधारते, काहींची जन्मभर सुधारत नाही. लहान पोरांच्या डोळ्यांतले भिंग अधिक स्वच्छ असते, म्हणून त्यांस धोका अधिक. ग्रहणात सूर्यातून विषारी किरण निघतात हे खोटे. किरण रोजचेच असतात. अन्न त्याने बिघडत नाही, पाणी नासत नाही, गर्भास काही होत नाही. धोका एकच, आणि तो सूर्याकडे टक लावून पाहण्यात आहे.

काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची फिल्म, उन्हाचा काळा चष्मा, गाण्याची सीडी, परातीतले हळदीचे पाणी, यांतले काहीही डोळ्यास राखीत नाही. खास ग्रहणासाठी केलेला, आयएसओ १२३१२-२ हा क्रमांक असलेला, चरा न पडलेला चष्मा, किंवा वेल्डिंग करणाऱ्याची १४ नंबरची काच, हीच साधने खरी. आणि ज्यास तेही मिळत नाही त्याने सूर्याकडे पाठ करून ग्रहण पाहावे. भात धुण्याची रोवळी किंवा घरातली चाळण उन्हात धरली की तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर सूर्याची एक एक कोर उमटते. फणसाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली पानांच्या फटींतूनही तशाच शेकडो कोरी पडतात. आरशाच्या तुकड्यावर कागद चिकटवून त्यास मुगाच्या दाण्याएवढे भोक ठेवावे आणि तो कवडसा दूरच्या अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडावा. सबंध वर्गास एकदम ग्रहण दिसते. आरशात मात्र कोणी पाहावयाचे नाही. याला खर्च काय? शून्य. म्हणून आम्ही म्हणतो की, ग्रहणाच्या दिवशी गरिबाच्या पोरास सर्वांत सुरक्षित जागा कोणती असेल तर ती शाळा. शाळा बंद केली तर पोर एक तर कोंडलेल्या घरात उपाशी बसेल, नाही तर कोणाचे लक्ष नसताना अंगणातून टक लावून पाहील.

खेळाची गोष्ट निराळी नाही. १९८० सालच्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईस वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा क्रिकेटचा कसोटी सामना होता. १५ तारखेस खेळ सुरू झाला, आणि १६ तारखेस सूर्यग्रहण. दक्षिणेत कारवार-हुबळीच्या बाजूस ते खग्रास होते आणि मुंबईतही सूर्य बराच झाकला जाणार होता. त्या काळी कसोटी सामन्यात मध्ये एक दिवस विश्रांतीचा असे. तो दिवस आधी घेऊन १६ तारखेस ठेवला. खेळाडूंस सूर्य गिळील म्हणून नव्हे, तर हजारो प्रेक्षकांनी उघड्यावर बसून वर पाहिले तर डोळ्यांस अपाय होईल म्हणून. सतरा तारखेस खेळ पुन्हा सुरू झाला. इंग्लंडच्या बोथमने त्या सामन्यात ११४ धावा काढल्या, १३ गडी बाद केले, आणि इंग्लंडने दहा गडी राखून सामना जिंकला. आपण हरलो, ते बोथममुळे, ग्रहणामुळे नव्हे! यातून घ्यावयाचे ते एवढेच की, सामना बंद झाला नाही, वेळ बदलली. शहाणपण म्हणतात ते हे.

आमच्या पोरांच्या सरावासही हाच नियम लावावा. हुतुतू, खो-खो, लंगडी, कुस्ती, मल्लखांब या खेळांत नजर समोर असते किंवा जमिनीवर असते. ते एखाद्या छपराखाली खुशाल चालू द्यावेत. उंच झेल घ्यावयाचा क्रिकेट, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, अशा खेळांत नजर चेंडूमागे आभाळात जाते. ते ग्रहण सुटेपर्यंत थांबवावेत आणि मग खेळावेत. आणि उपाशी पोरास पळवू नये. वेध पाळून आलेल्या पोराने दोन डाव खेळून चक्कर येऊन पडावे, आणि मग लोकांनी म्हणावे की ग्रहण बाधले, हे आम्हांस नको आहे. ते ग्रहण बाधलेले नसते, ते पोट रिकामे असते. पावसाळ्यातच शाळांच्या स्पर्धांची तयारी चालते. कुळवाड्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या पोरास नाव काढावयास हीच एक वाट असते. तिच्यावरचा एक दिवस फुकट घालवावयाचा नाही. ज्यांनी या महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध जन्मभर काम केले ते डॉ. नरेंद्र दाभोलकर तरुणपणी हुतुतूचेच खेळाडू होते. भारताच्या संघातून ते बांगलादेशाविरुद्ध खेळले. त्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन, दम न सोडता, गडी मारून परत येणे, हे ते ज्या मैदानात शिकले त्या मैदानास ग्रहणाची भीती शोभत नाही.

बाहेरच्या जगात काय चालते तेही पाहावे. ओडिशा सरकारने २६ डिसेंबर २०१९ आणि २५ ऑक्टोबर २०२२ या दोन्ही ग्रहणांच्या दिवशी सुटी जाहीर केली. ८ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेत टेक्सासपासून मेनपर्यंत खग्रास ग्रहण झाले, तेव्हा तेथीलही पुष्कळ शाळांनी सुटी दिली किंवा वेळा बदलल्या. वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसते. पण तेथील कारण पाहा. ग्रहण ऐन शाळा सुटण्याच्या वेळी होते, रस्त्यांवर बघ्यांची गर्दी होणार होती, आणि बसमधून उतरलेली पोरे रस्त्यात वर पाहात उभी राहतील अशी काळजी होती. क्लीव्हलँड शहरात त्याच दिवशी बेसबॉलचा सामना होता. तो सायंकाळी पाचनंतर ठेवला. लोक दुपारीच मैदानात येऊन बसले, चष्मे लावून ग्रहण पाहिले आणि मग खेळ पाहिला. सुटी द्यावी की न द्यावी हा मुद्दा नाही. सुटी कशासाठी दिली हा आहे. मुलांस सांभाळण्यासाठी वेळ बदलणे हा कारभार. भीतीस मान देण्यासाठी कुलूप लावणे हा कारभार नव्हे.

आणि आमच्या कोकणास ग्रहणाचा अभ्यास काही नवा नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली आमच्याच किनाऱ्यावरून गेली. तेव्हा विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९८१ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. नॉर्मन लॉकियर नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ त्या किल्ल्यावर दुर्बिणी घेऊन उतरले. मेल्पोमेनी या लढाऊ जहाजावरचे अंमलदार व खलाशी त्यांनी हाताशी घेतले. खग्रास स्थिती होती दोनेक मिनिटांची. तेवढ्यात कोणी काय करावयाचे याची त्यांनी आधी कवायत करून घेतली. त्याच दिवशी सोलापूरकडे जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला हेही आपल्या दुर्बिणी मांडून बसले होते. हेलियम वायूचा शोध विजयदुर्गावरच लागला असे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. १८६८ सालच्या ग्रहणात गुंटूर येथे जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा प्रकाश तपासला, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी इंग्लंडातून, ग्रहण नसताना, त्या प्रकाशातली पिवळी रेघ पाहिली. त्यांच्या कामातून तो शोध पुढे आला. सत्य शोधावयाचे तर ते आपल्या अभिमानाच्या गोष्टींतही शोधावे लागते. पण किल्ल्यावरचे ओटे अजून दाखवितात, आणि त्यांवर उभे राहून आमच्या पोरांनी एवढे विचारावे की, साहेबाने ज्या दोन मिनिटांसाठी समुद्र ओलांडून येऊन कवायत केली, ती वेळ आम्ही दार लावून का घालवितो?

एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगतो. ओठ फाटलेले मूल जन्मास आले की 'याला ग्रहण लागले' असे म्हणतात. मग पोटुशीपणी तिने ग्रहणात विळी धरली असेल, भाजी चिरली असेल, असा आळ आईवर येतो, आणि ते पोर शाळेत आले की त्यास त्याच नावाने हाक मारतात. हे व्यंग विळीने होत नाही आणि ग्रहणानेही होत नाही. ते गर्भ वाढतानाचे शारीरिक व्यंग आहे, आणि शस्त्रक्रियेने ते सुधारते. २१ जून २०२० च्या ग्रहणात सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे एका गरोदर बाईने लोकांसमोर भाजी चिरली, फळे खाल्ली आणि ही भीती मोडून दाखविली. अशा एका बाईचे धैर्य शंभर व्याख्यानांना भारी आहे. वर्गात ज्याच्या व्यंगास हसतात त्या पोरासाठी तरी गुरुजींनी ग्रहणाचा धडा नीट शिकवावा.

तेव्हा २ ऑगस्ट २०२७ साठी आमचे सांगणे स्पष्ट आहे. आईने त्या दिवशी सकाळी भाकरी करावी आणि पोरास खाऊ घालून शाळेत धाडावे. ज्या आजीस स्वतः वेध पाळावयाचे असतील तिने पाळावेत; तिच्या उपासास आम्ही हसत नाही, पण तो नातवावर लादू नये. शाळेत जेवण नेहमीप्रमाणे शिजावे व वाढावे. गावच्या शाळा व्यवस्थापन समितीने जुलैतच बैठक घेऊन ठरवावे की, त्या दिवशी पोरांस ऐन ग्रहणात एकटी सोडावयाची नाहीत : एक तर ग्रहण लागण्यापूर्वी ती घरी पोहोचतील अशी शाळा सोडावी, नाही तर ग्रहण सुटेपर्यंत गुरुजींच्या नजरेखाली ठेवावी. यांतली दुसरी वाट आम्हांस अधिक पसंत आहे. चार-पाच खरे चष्मे वर्गणीतून आणून ते हातोहात फिरवावेत आणि बाकीच्यांस आरसा व रोवळी पुरेशी आहे. मुलींस 'तू घरी राहा' म्हणून मागे ठेवू नये. धडा जेवढा मुलग्यांचा तेवढाच मुलींचा. ढग आले तर फळ्यावर आकृती काढावी, दिवा आणि दोन चेंडू घेऊन सावली पाडून दाखवावी, आणि ग्रहण सुटले की शिटी वाजवून खेळ सुरू करावा.

यास सरकारचा हुकूम लागत नाही आणि भटजीची परवानगीही लागत नाही. लागते ती आपल्याच घरातल्या दोन माणसांची संमती. सूर्याची चिंता कोणी करू नये. तो आपल्या वेळेवर सुटतो. पोरांस सोडविणे मात्र आपल्या हाती आहे.